पहिल्या नंबराचा फेटा

"हा कुत्रा किती वर्षांचा?" कर्नल दस्तुरांनी मला विचारलं, कारण कुत्र्याचा मालक त्यांच्याकडे न बघता आभाळाकडे बघत उभा होता.

मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, "चौदा असंल. पंधरा बी असंल. दात न्हाईत बगा एक बी." आणि साहेबांना नीट दिसावं म्हणून त्यानंच कुत्र्याचा जबडा फाकवून धरला.

कर्नलसाहेबांनी वाकून बघितलं, पाठीवरून हात फिरवला आणि पुढे सरकले. पुढचा कुत्रा मागच्या पायानं लंगडत होता. त्याच्या पुढच्याचा मालक चार पावलं आधीच म्हणाला, "साहेब, हात नगा लावू, खरूज हाय ह्याला." त्यानंतरचा तर कारवानी जातीचा नव्हताच. कान उभे, शेपूट पाठीवर गोल. बाजारात खाटकाच्या दुकानापुढे बसलेला असतो तसला, कुणीतरी दोरी बांधून आणला होता.

रिंगणात असे नऊ कुत्रे आणि नऊ मेंढपाळ. गळ्यात शिट्टी आणि हातात नावांचा कागद घेऊन मी परीक्षकांच्या मागे.

"बाई," कर्नलसाहेब हळू आवाजात म्हणाले, "सकाळी अल्सेशियन बघितले, डॉबरमन बघितले, ठीक होते. आता हे काय आहे? पहिला नंबर द्यायचा कोणाला? मी रोखतो."

"साहेब, अर्धा तास थांबा. चहा घ्या."

"चहा झाला."

"मग जेवून घ्या. पण वहीत काही लिहू नका."

पुण्याचे कर्नल, निवृत्त झाले तरी कर्नलच. त्यांना कुणी असं सांगत नसावं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अर्धा तास. एकतिसावं मिनिट नाही."

मी कुमुदिनी शिंत्रे. आज वय अठ्ठ्याहत्तर, आणि अजून माझा आवाज मैदानाच्या या टोकाचा त्या टोकाला जातो. तेव्हा एकतीस वर्षांची होते, मानगडच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत होते. एकोणीसशे सत्त्याहत्तर साल. आदल्या वर्षी मानगड श्वानप्रेमी मंडळ निघालं होतं, सभासद अकरा. दहा जणांकडे कुत्री होती. अकरावी मी, माझ्याकडे मांजरसुद्धा नव्हतं. मला घेतलं ते शिट्टीसाठी आणि शाळेच्या मैदानासाठी, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण एकदा आत घेतल्यावर मी गप्प बसेन असं ज्यांना वाटलं, ती त्यांची चूक.

मंडळ काढलं गुरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर वाळिंब्यांनी. त्यांचा जीव होता कारवानी कुत्र्यात. आमच्या माळावरच्या धनगरांचा कुत्रा तो. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट असं खपाटीला गेलेलं की बघणाऱ्याला वाटावं उपाशी आहे. सशामागे सुटला की नजर पुरत नाही. डॉक्टर म्हणायचे, "बाई, गावकुत्र्यांत मिसळून ही जात चालली हो. नर एका वाडीत, मादी वीस कोसांवर, एकमेकांचा पत्ता नाही. वर्षातून एकदा सगळे एका जागी आले, कुणाकडे काय आहे ते कळलं, तरी पुष्कळ झालं." म्हणून पहिल्या प्रदर्शनात कारवानीचा वेगळा वर्ग ठेवायचा, असा त्यांचा हट्ट.

अध्यक्ष बापूसाहेबांना तो मान्य नव्हता. बापूसाहेब म्हणजे आमच्या जुन्या संस्थानचे वारस. संस्थान तरी केवढं, सकाळी घोड्यावर निघालं तर हद्दीला शिवून जेवायला घरी. पण गाव त्यांना सरकारच म्हणायचं, आणि मंडपापासून कर्नलसाहेबांच्या मोटारीपर्यंत सगळं त्यांच्याच शब्दावर आलेलं. माणूस वाईट नव्हता. बायको गेल्यापासून रेक्स नावाच्या अल्सेशियनला जवळ घेऊन बसायचा, त्याला स्वतःच्या हातानं भरवायचा. ते म्हणाले, "डॉक्टर, धनगरांची कुत्री रिंगणात आणून हसं करून घ्यायचं का? बरं, एक वर्ष करून बघा. परीक्षकांनी पहिला नंबर दिला तर वर्ग कायम. रोखला तर पुन्हा विषय काढायचा नाही." तसा ठराव झाला आणि माझ्याच अक्षरात इतिवृत्तात गेला.

त्यानंतर महिनाभर मी डॉक्टरांच्या राजदूत फटफटीवर मागे बसून वाड्या पालथ्या घातल्या. लोक काय बोलले असतील ते बोलोत. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार मुद्दाम धरला होता, कारण त्यापुढच्या आठवड्यात मेंढरं चराईला खाली उतरतात आणि मग पावसाळ्यापर्यंत धनगर दिसायचा नाही. वाडीवाडीत मी कर्णा लावून ओरडले. बक्षीसही माझ्या डोक्यातलं. इतर वर्गांना पुण्याहून रेशमी फुलं आणली होती. मी म्हटलं, धनगराला फूल काय करायचंय, त्याला फेटा द्या. कोल्हापूरला जाऊन स्वतः निवडला, गुलाबी, जरीकाठी. आणि कर्ण्यावर सांगत सुटले, "ज्याचा कुत्रा साहेबांच्या मनात भरेल, त्याला फेटा! खुद्द बापूसाहेबांच्या हातानं!"

या वाड्यांवर मी स्वतःच्या डोळ्यांनी एकाहून एक कुत्री बघितली होती. आणि आज रिंगणात हा बाजार.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. साहेब नाकारून पुढे गेले की ज्याला नाकारलं तो खूश. दात नसलेल्या कुत्र्याचा मालक तर शेजाऱ्याला डोळा मारून तंबाखू मळत होता. मी वर्षानुवर्षं पोरींच्या शर्यती घेतल्यात. हरलेलं माणूस कसं दिसतं ते मला समजतं. हे हरलेले नव्हते, सुटलेले होते.

मी सरळ मायाप्पा खरातांपुढे जाऊन उभी राहिले. साठीचा माणूस, शिडशिडीत, पांढऱ्या मिश्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या तळावर मी ताक प्यायले होते, आणि घोंगड्यावर एक मादी बसली होती, तिला बघून डॉक्टर राजदूत बंद करायचं विसरले होते. ओल्या वाळूच्या रंगाची, मान अशी लांब. आज मायाप्पांच्या हातात एक बुटका, पोट सुटलेला प्राणी होता.

"मामा, तुमची ती कुत्री कुठाय?"

"कंची?"

"वाळूच्या रंगाची. घोंगड्यावर बसलेली."

"ती व्हय. मेली."

"कधी?"

मायाप्पांनी जरा विचार केला. "काल."

"कशानं?"

"आता मरणाला काय कारण लागतं, बाई."

माझं डोकं फिरलं. "मामा, मी शाळेत शिकवते. पोटात दुखतंय म्हणून पी.टी. चुकवणाऱ्या चाळीस पोरी रोज माझ्यापुढे उभ्या असतात. खरं काय ते सांगा."

त्यांची नजर एकदा शाळेच्या मागच्या कुंपणाकडे गेली. पलीकडे देसायांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवली होती, ती कुणाची ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी चालायला लागले. मायाप्पा मागून आले, "बाई, अवो बाई," करत. मी थांबले नाही.

वावरात मेंढरांच्या कडेला त्यांची बायको सगुणाबाई चूल मांडून बसली होती. शेजारी घोंगड्याचा ढीग, आणि ढिगातून लांब निमुळतं तोंड बाहेर. मी जवळ जाताच मादी उभी राहिली. भुंकली नाही, मागेही सरली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"ही का मेलेली?" मी म्हटलं.

मायाप्पांनी मान खाली घातली. सगुणाबाईंनी मात्र घातली नाही. भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "मग काय करावं आमी? फेटा घ्यावा आन् कुत्री द्यावी?"

"कुत्री कुठं द्यायची? काय बोलताय?"

"तुमीच वरडून गेलाय की. सायबाच्या मनात भरंल त्याला फेटा. सरकारच्या हातानं."

"अहो, ते बक्षीस आहे."

"आमास्नीबी ठावं हाय ते बक्षीस," सगुणाबाई म्हणाल्या, आणि चुलीपुढे बसूनच त्यांनी मला सांगितलं.

बापूसाहेबांचे आजोबा शिकारीला माळावर यायचे. धनगरांचे कुत्रे सशामागे सोडायला लावायचे, खुर्ची टाकून बघायचे. जो मनात भरेल त्याच्या मालकाला बोलावून सगळ्यांपुढे स्वतः फेटा बांधायचे. फेटा बांधला की कुत्रा सरकारचा. मागायची पद्धत नव्हती आणि नाही म्हणायचीही नव्हती. मायाप्पांच्या वडिलांचा मोत्या असाच गेला. आठव्या दिवशी साखळी तोडून परत आला, गळ्यात अर्धी साखळी तशीच. शिपाई मागोमाग आले आणि घेऊन गेले. पुढं त्यानं अन्न सोडलं, असं कानावर आलं.

"मामंजींनी त्यो फेटा कंदी डोईला लावला न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "फाडून कोकरं बांधायला दावी केली त्याची."

मी तिथंच बांधावर बसले. खोटं कशाला सांगू, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोल्हापूरला चार दुकानं फिरून मी तो फेटा आणला होता. वाडीवाडीत जाऊन, कर्णा तोंडाला लावून, मी या लोकांना सांगत होते की या, तुमचा चांगला कुत्रा घेऊन या, सरकार तो काढून घेणार आहेत. आणि ते बिचारे आलेही, कारण सरकारच्या प्रदर्शनाला नाही म्हणायचं नसतं. टाकाऊ कुत्रा घेऊन आले.

डॉक्टर वाळिंबे मला शोधत कुंपणाशी आले. "बाई, सतरा मिनिटं राहिली."

मी उठले. "मामा, हिला जोड आहे का? नर?"

मायाप्पांनी मान हलवली. "तीन सालं झाली हुडकतुया. चांगला नर गावंना. जे हायती ते गावकुत्र्यात इटाळल्यालं."

"तो खरसुंडीच्या रस्त्याला असेल, नाहीतर आटपाडीत असेल. तुम्हाला कसा कळणार? हा वर्ग राहिला तर दर वर्षी चार तालुक्यांतले नर या मैदानात उभे राहतील. आज पहिला नंबर कुणाला मिळाला नाही तर वर्ग आजच बंद. कायमचा. तसं लिहून ठेवलंय, मीच लिहिलंय. पहिला नंबर देण्यासारखं जनावर या माळावर आज एकच आहे आणि ते तुम्ही घोंगड्याखाली घातलंय."

"आन् फेटा?" सगुणाबाईंनी विचारलं.

"फेटा यांच्या डोक्याला लागणार नाही. माझा शब्द."

"तुमी मास्तरीण. बांधणार सरकार. तुमचा शब्द तितं काय करायचा?"

प्रश्न बरोबर होता. "तिथं मी उभी असेन," मी म्हटलं. "शिट्टी माझ्या गळ्यात आहे. मैदान माझं आहे. माझ्या मैदानावर मला न विचारता आजवर कुणी काही केलेलं नाही."

मायाप्पांनी पटका सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि म्हणाले, "चल गं पाखरे."

सगुणाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडे बघितलंही नाही.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला आम्ही रिंगणात होतो. कर्नलसाहेब रुमालानं हात पुसत आले, पाखरीवर नजर पडली आणि रुमाल हातातच राहिला. त्यांनी लांबूनच एक फेरी मारली. मग हात पुढे केला, तशी पाखरी आकसली. कारवानीला परका हात सोसत नाही, आणि हात लावू दिला नाही तर परीक्षकाला नंबर देता येत नाही.

मायाप्पा खाली उकिडवे बसले. पाखरीचं तोंड त्यांनी आपल्या काखेत घेतलं, तळहातानं तिचे डोळे झाकले आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटायला लागले. "आता बघा साहेब," ते म्हणाले. "सावकाश."

कर्नलसाहेबांनी बघितलं. मान, खांदा, छाती, पाठीचा कणा, मागचे पाय. बोटांनी बघत होते, सावकाश, आणि शेवटी शेपटीपर्यंत आल्यावर उभे राहिले. "आता चालवून दाखवा."

"चालवत न्हाई हो आमी," मायाप्पा म्हणाले. "पळिवतो."

"मग पळवा."

साठ वर्षांचा तो माणूस धोतराचा काचा मारून अनवाणी पळाला आणि पाखरी त्याच्या गुडघ्याला लागून पळाली. ती पळत होती असं म्हणायचं, कारण तिचे पाय भुईला लागलेले मला दिसले नाहीत. मैदानाच्या टोकाला वळून दोघं परत आले. मायाप्पांना धाप लागली होती, तिला नव्हती. लोक दोरीला रेटून उभे होते. रिंगणातले ते आठ मेंढपाळ मात्र मायाप्पांकडे असे बघत होते, जणू हा माणूस शुद्धीवर नाही.

कर्नलसाहेबांनी वही उघडली, लिहिलं, सही केली आणि वही माझ्याकडे दिली. पहिला क्रमांक. खाली इंग्रजीत एक ओळ होती, की असं जनावर मी बारा वर्षांत बघितलेलं नाही. डॉक्टर वाळिंबे चष्मा पुसायला लागले. मला तर शिट्टी वाजवावी की रडावं कळेना.

वर्ग वाचला होता. कागदावर तरी वाचला होता.

मी बक्षिसाच्या तबकातला नारळ उचलून मायाप्पांच्या हातात दिला, फेटा तबकातच ठेवला, आणि कर्ण्यावर पुढच्या वर्गाचं नाव घ्यायला वळले. मनात हेच धरलं होतं की घाईघाईत उरकून टाकायचं. पण बापूसाहेब तोवर खुर्चीवरून उठून रिंगणात आले होते, रेक्स सोबत. त्यांनी स्वतःच तबकातला फेटा उचलला. चेहऱ्यावर कौतुक अगदी खरं होतं.

"वा, मायाप्पा," ते म्हणाले. "नाव राखलंस माळाचं. ये, असा पुढं ये." आणि फेट्याचं टोक मोकळं करता करता, सहज, चहा सांगावा तसं म्हणाले, "संध्याकाळी हिला वाड्यावर पोचती कर."

त्यात जुलूम नव्हता, धमकी नव्हती. आजोबांच्या तोंडचं वाक्य नातवाच्या तोंडात आलं, सवयीनं. त्यांना कदाचित असंही वाटलं असेल की आपण मान देतोय.

मायाप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी डोकं पुढे वाकवलं. त्यांच्या वडिलांनी वाकवलं असेल तसं. त्यांच्या मागे त्या आठ जणांनी आपापल्या दोऱ्या आखडल्या. एकानं तर कुत्रं घेऊन दोरीखालून बाहेर पडायला सुरुवात केली.

मी शिट्टी फुंकली.

अशी फुंकली की रेक्स भुंकायला लागला. मैदान गप्प झालं. मी दोन पावलांत बापूसाहेबांपाशी गेले आणि त्यांच्या हातातला फेटा घेतला. हिसकावला म्हणा.

"बाई," डॉक्टर माझ्या कानाशी कुजबुजले, "मंडळ बुडेल."

"बुडू द्या," मी म्हटलं, आणि कर्णा तोंडाशी धरला. "मंडळाच्या वतीनं जाहीर करण्यात येत आहे. आपल्या प्रदर्शनाची रीत अशी, की पहिला नंबर ज्याचा, तो अध्यक्षांना फेटा बांधतो. मायाप्पा खरात, या. बापूसाहेब, डोकं जरा खाली करा, मामा ठेंगणे आहेत."

आधी हशा पिकला. बापूसाहेबही हसले, चारचौघांत दुसरं काय करणार? त्यांनी डोकं खाली केलं. मायाप्पा हलेनात. मी फेटा त्यांच्या हातात कोंबला आणि दातांखालून म्हटलं, "बांधा. शब्द दिलाय मी."

मायाप्पांनी बांधला. फेटा बांधायची सवय जन्माची, पीळ सरळ बसला. फेट्याची जर बापूसाहेबांच्या कपाळावर चमकायला लागली. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. मेंढपाळांपैकी कुणी हसत नव्हतं. ते वाट बघत होते.

मी कर्णा तोंडापासून खाली घेतला. पुढचं सगळ्या गावानं ऐकायची गरज नव्हती, त्या नऊ जणांनी ऐकलं की पुरे होतं. "बापूसाहेब," मी म्हटलं, "आता फेटा तुमच्या डोक्यावर आहे. मायाप्पा, मागा. यांच्याकडचं तुमच्या मनात काय भरलं?"

मायाप्पा माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांची नजर सावकाश खाली, रेक्सवर गेली.

बापूसाहेबांचा हात आपोआप रेक्सच्या पट्ट्यावर गेला. घट्ट धरला तो पट्टा त्यांनी. हसू तोंडावर तसंच होतं पण डोळ्यांतलं गेलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, मला सगळं दिसत होतं. आधी राग आला त्यांना, माझ्यावर. मग त्यांनी मायाप्पांकडे बघितलं, पाखरीकडे बघितलं, मागे दोऱ्या आखडून उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं. आपल्याच हाताकडे बघितलं, पट्ट्यावरच्या. आणि त्यांच्या लक्षात आलं. आजोबांच्या फेट्यांची गोष्ट त्यांनाही ठाऊक असणारच. फक्त ती त्यांनी वाड्याच्या बाजूनं ऐकली होती.

शेवटी मायाप्पाच बोलले.

"नगं सरकार," ते म्हणाले. "भरवताय त्याला रोज. तुमच्याबिगर खाणार न्हाई ते."

बापूसाहेबांनी कर्णा माझ्याकडून मागून घेतला, आणि गुलाबी फेट्यातच उभे राहून म्हणाले, "या मंडळाच्या प्रदर्शनात आलेला कुत्रा, आला त्याच दोरीनं परत जाईल. अध्यक्ष म्हणून सांगतो. आणि कारवानीचा वर्ग आजपासून कायम." कर्णा माझ्या हातात देऊन ते रेक्सला घेऊन आपल्या खुर्चीकडे गेले. संध्याकाळपर्यंत त्यांनी फेटा काढला नाही. माझ्याशी मात्र पुढचे दोन महिने बोलले नाहीत, आणि मग एक दिवस शाळेच्या मैदानाला नवं कुंपण पाठवून दिलं, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

उन्हं कलल्यावर मी दोऱ्या गुंडाळत होते. मायाप्पा पाखरीला घेऊन कुंपणाकडे निघाले होते, ते वळून परत आले. मला वाटलं, आभार मानतील. मी मनातल्या मनात तयारीही केली, अहो त्यात काय, असं म्हणायची.

"बाई," ते म्हणाले, "फुडल्या साली बी ह्याच टायमाला हाय न्हवं?"

"हो. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार."

त्यांनी मान हलवली. पाखरीच्या कानामागे खाजवलं. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"ही धाकली हाय, बाई. हिच्यापरास उजवी थोरली वाडीला डांबून ठिवलीया. फुडल्या साली तिला आणतो."